वीस बळी कोण घेणार?

आज, 31 जुलै 2025 रोजी, दुपारी साडेतीनला ओव्हलवर पाचवी कसोटी सुरू होईल. इंग्लंड 2-1 असं पुढे आहे. सामना अनिर्णित राहिला तर मालिका इंग्लंडची. पावसात वाहून गेला तरी इंग्लंडचीच. शुभमन गिलच्या संघाला अँडरसन-तेंडुलकर करंडकात बरोबरी साधायची असेल, तर हा सामना जिंकावाच लागेल. आणि जिंकायचं तर समोरच्यांचे वीस गडी बाद करावे लागतील.

मग गेले चार दिवस वाद कशावर चाललाय? फलंदाजी कुठवर लांबवायची यावर! पायाचं हाड मोडून ऋषभ पंत बाहेर गेला, म्हणून करुण नायरला परत बोलवायचं का? शार्दुल ठाकूरला ठेवायचं का? आठव्या क्रमांकावर कोण उभं राहणार? चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत सगळे एकच प्रश्न चघळताहेत. वीस बळी कोण घेणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं उत्तर सरळ आहे. आठवा फलंदाज नको. कुलदीप यादव हवा.

आधी या मालिकेचाच हिशेब मांडू. हेडिंग्लेला आपल्या फलंदाजांनी पाच शतकं ठोकली. पंतने तर दोन्ही डावांत ठोकली. तरीही इंग्लंडने चौथ्या डावात 371 धावांचं लक्ष्य पाच गडी राखून गाठलं. आपल्या पदरात पंधराच बळी पडले.

एजबॅस्टनला आपण 336 धावांनी जिंकलो. गिलच्या 269 आणि 161 धावा कुणीच विसरणार नाही. पण त्या धावांचं विजयात रूपांतर केलं ते आकाशदीपच्या दहा बळींनी आणि पहिल्या डावातल्या सिराजच्या सहा बळींनी. वीस गडी बाद झाले, तेही जसप्रीत बुमराशिवाय.

मँचेस्टरला इंग्लंडने एकाच डावात 669 धावा केल्या. तो डाव 157 षटकं चालला आणि त्यातली शार्दुलच्या वाट्याला आली फक्त अकरा. पालघरच्या या पोराबद्दल माझ्या मनात माया आहे. याच ओव्हलवर 2021 साली त्याने दोन्ही डावांत अर्धशतकं झळकावून सामना फिरवला होता. पण ज्या गोलंदाजाकडे चेंडू सोपवायला कर्णधार राजी नाही, त्याला गोलंदाज म्हणून खेळवायचं कशाला? यात त्याच्यावरही अन्याय होतो आणि संघावरही. मँचेस्टरला त्याच्या 41 धावा उपयोगी पडल्या हे खरं, पण इंग्लंड दोन दिवस फलंदाजी करत होतं हेही तितकंच खरं.

राहिलं लॉर्ड्स. तिथे वीस बळी घेऊनही आपण 22 धावांनी हरलो, आणि लांब फलंदाजीचा आग्रह धरणारे याच सामन्याचा दाखला देतात. पण त्या चौथ्या डावात काय झालं ते आठवा. लक्ष्य 193 होतं आणि आपले सात गडी 82 धावांत परतले होते. पुढे लढला तो रवींद्र जडेजा, नाबाद 61. त्याला साथ दिली बुमराने आणि सिराजने, म्हणजे शेपटाने. सामना वरच्या फळीने घालवला होता. वरच्यांच्या चुकीची भरपाई आठव्या क्रमांकाकडे मागायची आणि त्यासाठी गोलंदाजाचा बळी द्यायचा, हे कोणतं शहाणपण?

शेपूट कोसळण्याची ही भीती हेडिंग्लेची आहे. तिथे पहिल्या डावात शेवटचे सात गडी 41 धावांत गेले, दुसऱ्या डावात शेवटचे सहा 31 धावांत. तो धसका संघ व्यवस्थापनाने घेतला आणि त्याची किंमत कुलदीप मोजतोय. चार कसोटी झाल्या, चारही त्याने बाहेर बसून पाहिल्या.

कुलदीपची कामगिरी तरी काय आहे? 13 कसोटींत 56 बळी, सरासरी 22. हे आकडे कुठल्याही देशाच्या, कुठल्याही काळातल्या फिरकीपटूला अभिमान वाटावा असे आहेत. पहिली कसोटी तो धरमशालेला खेळला, मार्च 2017 मध्ये. तीही निर्णायकच होती. ऑस्ट्रेलियाशी 1-1 अशी बरोबरी होती आणि विराट कोहलीचा खांदा दुखावला होता. त्या जागी फलंदाज घेणं सगळ्यांत सोयीचं होतं. पण कर्णधार झालेल्या अजिंक्य रहाणेच्या संघात कोहलीच्या जागी आला तो पाचवा गोलंदाज, कधीही कसोटी न खेळलेला कुलदीप. त्याचा पहिला बळी होता डेव्हिड वॉर्नर, झेल स्लिपमध्ये स्वतः रहाणेचा. त्या डावात कुलदीपने चार बळी घेतले आणि आपण मालिका 2-1 अशी जिंकली.

पुढे डिसेंबर 2020 मध्येही हेच घडलं. ॲडलेडला 36 धावांत गारद झालेला संघ, कोहली मायदेशी परतलेला, मेलबर्नला कर्णधार पुन्हा रहाणे. फलंदाजी कोसळल्यावर कुणीही आणखी एक फलंदाज मागितला असता. आपण कोहलीच्या जागी जडेजाला खेळवलं आणि पाच गोलंदाज घेऊन उतरलो. कर्णधाराने शतक काढलं, जडेजाने अर्धशतक, आणि सामना आठ गडी राखून जिंकला. रहाणे फार बोलत नाही, म्हणून त्याच्या या धाडसाची आठवण आपल्यालाच करून द्यावी लागते. संकटात गोलंदाज वाढवायचा असतो, हे त्याच्या नेतृत्वाखालच्या संघाने दोनदा दाखवून दिलंय.

आणि कुलदीपला आपण काय दिलं? डिसेंबर 2022 मध्ये चट्टोग्रामला त्याने बांगलादेशचे आठ बळी घेतले, 40 धावा केल्या, सामनावीर ठरला. पुढच्याच कसोटीत बाहेर! 2024 साली इंग्लंड आपल्याकडे आलं, तेव्हा चार कसोटींत 19 बळी. धरमशालेला त्याने 72 धावांत पाच गडी टिपले. त्यात झॅक क्रॉली होता, बेन डकेट होता, ऑली पोप होता. आज ओव्हलवर इंग्लंडचे पहिले तीन फलंदाज हेच आहेत. पोप तर बेन स्टोक्स जखमी झाल्यामुळे आज कर्णधारही आहे. ज्यांना या माणसाचा चेंडू हातातून सुटताना कळत नाही, त्यांच्यापुढेच त्याला आणायचं नाही?

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला : खेळपट्टी हिरवी आहे, आणि इंग्लंडनेही लियम डॉसनला वगळून खास फिरकीपटूशिवाय संघ जाहीर केलाय. अहो, इंग्लंडला अनिर्णित सामना पुरतो, आपल्याला पुरत नाही. त्यांचा संघ त्यांच्या गरजेचा. हिरवळ पहिले दोन दिवस वेगवान गोलंदाजांना साथ देईल. पण गवत जसजसं सुकेल, चेंडू जसजसा जुना होईल, तेव्हा जो रूट आणि हॅरी ब्रूक पाय रोवून उभे असले तर काय करणार? ओव्हलवर चेंडू उसळतो, आणि उसळी मिळाली की मनगटी फिरकी दुप्पट धोकादायक होते. एजबॅस्टनच्या पहिल्या डावात ब्रूक आणि जेमी स्मिथने 5 बाद 84 वरून 303 धावांची भागीदारी केली. ती फुटेपर्यंत आपल्याकडे वेगळं काही करू शकणारा कोण होता?

दुसरा : 2018 साली लॉर्ड्सवर कुलदीपला खेळवलं, नऊ षटकांत 44 धावा गेल्या, बळी एकही नाही. बरोबर. पण त्या सामन्याचा पहिला दिवस पावसात गेला होता, हवा ढगाळ होती आणि आपले फलंदाज 107 आणि 130 मध्ये बाद झाले होते. इंग्लंडला दुसरा डाव खेळावाच लागला नाही. सात वर्षांपूर्वीच्या नऊ षटकांवर माणसाला किती काळ शिक्षा देणार?

तिसरा : 2021 च्या ओव्हल कसोटीत अश्विनला बाहेर ठेवूनही आपण 157 धावांनी जिंकलो. हेही खरं. पण तेव्हाचा मारा पाहा. बुमरा, सिराज, नागपूरकडचा आपला उमेश यादव, शार्दुल आणि जडेजा. पाच गोलंदाज होते, आणि पाचही जणांना कर्णधाराने भरवशाने चेंडू दिला. उमेशने त्या सामन्यात सहा गडी बाद केले. तो सामना माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो.

ओव्हलचा विषय निघाला की मराठी माणसाला 1971 आठवतंच. मालिका तीन कसोटींची, पहिल्या दोन अनिर्णित, तिसरी ओव्हलवर. इंग्लंड त्याआधी सलग 26 कसोटी हरलेलं नव्हतं आणि आपण त्यांच्या देशात तोवर एकही जिंकलेली नव्हती. अजित वाडेकर कर्णधार. त्यांनी शेवटच्या तीन जागा दिल्या वेंकटराघवन, बेदी आणि चंद्रशेखर या तीन फिरकीपटूंना. चंद्रशेखर 1967-68 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर कसोटीपासून दूर होते. विजय मर्चंट यांच्या निवड समितीने त्यांना या दौऱ्यासाठी परत आणलं होतं. पहिल्या डावात इंग्लंडला 71 धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात चंद्रशेखरांनी 38 धावांत सहा बळी घेतले, एकनाथ सोलकरने बॅटसमोर झेप घेत ॲलन नॉटचा झेल टिपला आणि इंग्लंड 101 मध्ये संपलं. मग वाडेकर, दिलीप सरदेसाई, विश्वनाथ यांनी 173 चं लक्ष्य आवाक्यात आणलं. 24 ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, आपण चार गडी राखून जिंकलो.

आता एक आकडा लक्षात ठेवा. चंद्रशेखरांच्या नावावर कसोटीत 242 बळी आहेत आणि धावा 167. धावांपेक्षा बळी जास्त! आज जो निकष लावला जातोय तो तेव्हा लावला असता, तर ते त्या अकरांत दिसलेच नसते आणि ओव्हलचा विजयही दिसला नसता.

कुलदीप तर फलंदाजीतही इतका कच्चा नाही. 2024 मध्ये रांचीला इंग्लंडविरुद्ध त्याने 131 चेंडू खेळून 28 धावा केल्या आणि ध्रुव जुरेलबरोबर डाव सावरला. तोच जुरेल आज पंतच्या जागी यष्टींमागे उभा राहील.

शिवाय फलंदाजीची खोली आपल्याला मँचेस्टरलाच सापडलीय. शून्यावर दोन गडी गेले असताना राहुलने 90 आणि गिलने 103 धावा केल्या. मग पाचव्या क्रमांकावर आलेला वॉशिंग्टन सुंदर नाबाद 101, जडेजा नाबाद 107. हे दोघे आता खऱ्या अर्थाने फलंदाज आहेत. दोन फिरकीपटू पाचव्या-सहाव्या क्रमांकाची जबाबदारी पेलत असतील, तर एक जागा आपोआप मोकळी होते. ती गोलंदाजाला द्यायची असते.

तेव्हा माझा संघ असा : जयस्वाल, राहुल, साई सुदर्शन, गिल, सुंदर, जडेजा, जुरेल, आकाशदीप, कुलदीप, सिराज, प्रसिध कृष्ण. प्रसिधने पहिल्या दोन कसोटींत धावा भरपूर दिल्या, पण ओव्हलच्या उसळीवर त्याची उंची कामाला येईल. अर्शदीपचा डावखुरा मारा हवा असेल तर त्याला प्रसिधच्या जागी घ्या. कुलदीपच्या जागी नको. बुमरा या दौऱ्यात तीन कसोटी खेळणार हे आधीच ठरलं होतं. त्या तीन झाल्या. त्याची पाठ जपायलाच हवी, एका सामन्यासाठी ती पणाला लावू नका. पण बुमरा नसेल तर बळी घेणारा आणखी एक हात लागणारच, हे समजून घ्या.

गिलच्या या मालिकेत 722 धावा झाल्यात. गावसकरांच्या 1971 च्या 774 धावा तो ओलांडतो का, याची मोजदाद सगळीकडे चाललीय. त्याने जरूर ओलांडाव्यात, मला आनंदच होईल. पण पंचविशीतल्या या कर्णधाराची परीक्षा आज बॅट हातात घेण्याआधीच आहे. प्रशिक्षक गौतम गंभीर यांना फलंदाजीची खोली प्रिय आहे, हे उघड आहे. मैदानात चेंडू कुणाच्या हाती द्यायचा याचा प्रश्न मात्र गिलला पडणार आहे, गंभीर यांना नाही. म्हणून अकरावं नाव गिलने ठरवावं आणि हट्टाने ठरवावं. मँचेस्टरला आपण पराभव टाळला, त्याचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. ओव्हलवर पराभव टाळून काहीच हाती लागणार नाही. नाणेफेकीला जाताना खिशातल्या कागदावर सहा गोलंदाज असू द्या.