ई-मेलला टॅग लावण्याची स्क्रिप्ट: एकोडीच्या नवशिक्यांसाठी

लागणारं साहित्य: लिनक्स असलेला डेस्कटॉप, चालू स्थितीतला यूपीएस आणि तुंबलेला इनबॉक्स. इनबॉक्स तुंबलेला नसेल तर घाबरू नका. साकोली तालुक्यात धान खरेदीचा हंगाम दरवर्षी येतो आणि त्याच्यासोबत परिपत्रकंही येतात.

पायरी पहिली. टॅग ठरवा. नवशिके इथेच दुपार घालवतात: सातबारा, पीकविमा, बारदाना, मासिक सभा, मासिक सभा (तहकूब). तीन टॅग पुष्कळ झाले. ‘तातडीचे’ हा टॅग तर ठेवूच नका. वरून आलेल्या प्रत्येक पत्रावर ‘तात्काळ’ असतंच. एखाद्यावर नसेल तर ते मात्र उघडून वाचा. त्यात खरंच काम असण्याची शक्यता आहे.

पायरी दुसरी. सगळी पत्रं मशीनवर उतरवून घ्या. झालं.

पायरी तिसरी. आता स्क्रिप्ट. धानाची पत्रं वेगळी काढायची आहेत, तेव्हा पत्रांच्या फायलींत ‘ग्रेप’ या शोधायच्या कमांडने ‘धान’ शोधा. विषयाच्या ओळीत बहुधा एकदाही सापडणार नाही. मराठी विषय ई-मेलमधून सहसा मराठीत जातच नाही. तो बेस-६४ पद्धतीने रोमन अक्षरांत गुंडाळून पाठवतात. तुमचं धान तिथे ‘४केएस’ने सुरू होणाऱ्या अगम्य ओळीत पडलेलं असतं.

पायरी चौथी, म्हणजे तिसरीच पुन्हा. थंडरबर्ड या ई-मेल प्रोग्रामच्या फिल्टरला सांगा: विषयात ‘धान’ असेल तर टॅग लाव. थंडरबर्ड विषय उलगडून वाचतो, त्यामुळे टॅग धडाधड लागतील. आता टॅग लागलेली पत्रं बघा: प्रधानमंत्री आवास योजना, विधानसभा मतदार यादी, तक्रारदाराचं समाधान झाल्याचा अहवाल, पुराबाबत सावधानतेचा इशारा. धान सगळ्यांत आहे. फिल्टरला दोष देऊ नका.

पायरी पाचवी. ‘नॉटमच’ बसवा. कार्ल वर्थ यांनी २००९ साली आणलेला हा फुकटचा प्रोग्राम पत्रांची सूची करतो आणि अख्खा शब्द जुळवतो. प्रधानमंत्री सुटले. पण ‘धानाची’, ‘धानाला’, ‘धानखरेदी’ हीही सुटली, कारण प्रत्यय किंवा दुसरा शब्द जोडला की त्याच्या लेखी शब्दच निराळा. शब्दापुढे तारांकन द्या, ‘धान*’. सगळी रूपं येतील. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्याचं पत्रही येईल. ते वगळायला आणखी एक ओळ लिहा. मग ती ओळ ज्याला चुकून वगळेल त्याच्यासाठी आणखी एक. अशा ओळी साठत गेल्या की त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात.

खरं तर विषय सोडा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता धरा. पत्त्याला विभक्ती लागत नाही. हे पहिल्याच पायरीत सांगता आलं असतं, पण मग मार्गदर्शिका कशाची?

मधेच कोणी दारात येऊन ‘भाऊ, बारदान्याचं पत्र आलं का?’ असं विचारलं तर स्क्रिप्ट तशीच ठेवून इनबॉक्स उघडा. ते लवकर होतं.

शेवटच्या दोन सूचना मात्र मनावर घ्या. टॅग लावण्याआधी तीच अट ‘नॉटमच काउंट’ला देऊन किती पत्रं सापडतात ते पाहा. आणि तुमचे टॅग पत्रात नव्हे, नॉटमचच्या डेटाबेसात राहतात. मशीन फॉरमॅटला देण्याआधी ‘नॉटमच डम्प’ चालवून जे निघेल ते फाइलीत साठवा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घ्या.