रा. रा. ऑफ, टू, विथ, ॲट आणि मंडळींस अनावृत पत्र

रा. रा. ऑफ, टू, विथ, ॲट व इतर,
मुक्काम : विशेषण आणि नाम यांच्यामधली फट

सा. न. वि. वि.

पत्र नौबादहून लिहितोय. बीदरला खेटून असलेलं गाव, आता शहरानं गिळलंच म्हणा. इथं बत्तीस वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतो. त्यातली निम्मी तुमच्या सरबराईत गेली.

मागच्या आठवड्यात दहावीतल्या एका पोरीनं लिहिलं, 'आय ॲम अँग्री ऑन माय ब्रदर.' सवयीनं 'ऑन' खोडून मी 'विथ' केलं. पोरगी म्हणाली, "सर, राग भावावर आला ना? भावाबरोबर म्हणजे आम्ही दोघं मिळून तिसऱ्यावर रागावलो की!" मी खाकरलो. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "आमच्यात बी 'नन्न म्याल सिट्टु'च म्हणतात." त्याच्या शेजारच्यानं भर घातली, "और हमारे में 'मेरे पर गुस्सा'." १९५६ साली आमच्या बीदर जिल्ह्याचे तुकडे करून तीन राज्यांत वाटले, पण रागाच्या बाबतीत मराठी, कन्नड, दखनी अजून एकाच घरात राहतात. तिघींचाही राग 'वर' असतो आणि तो 'वर' मुकाट्यानं नामाच्या मागं उभा राहतो. तुम्हीच तेवढे पुढं घुसता. वर माणसाच्या रागाला 'विथ' लावायचा आणि वस्तूच्या रागाला 'ॲट', हा सोवळेपणा वेगळाच.

माझं स्वतःचं दुखणं जुनं आहे. तरुणपणी एका मुलाखतीत ऐटीत सांगितलं, 'आय ॲम मॅरिड विथ माय अंकल्स डॉटर.' मामाच्या मुलीशी केलंय, खोटं काय त्यात? साहेब हसले, 'टू' म्हणा म्हणाले. नोकरी गेली ती गेलीच. पुढं कळलं, 'मॅरिड विथ टू चिल्ड्रन' हे मात्र शुद्ध इंग्रजी! म्हणजे बायकोला 'विथ' नाही, पोरांना आहे. आमच्या हिनं हे ऐकलं आणि दोन दिवस बोलली नाही. (माझ्याशी. विथ की टू, तुम्ही ठरवा.)

'सीनियर' पुढं 'दॅन' का नाही, असं पोरं विचारतात. शब्द लॅटिनमधला, त्याच्या पोटातच 'पेक्षा' आहे म्हणून 'टू', असं मी सांगतो. पोरं मान डोलावतात आणि परीक्षेत 'दॅन' लिहून येतात. 'डिफरंट'चं तर तुमच्याच घरात ठरलेलं नाही. त्याला 'फ्रॉम'च हवा, 'टू' नको, ही निव्वळ अंधश्रद्धा, असं तुमच्याच व्याकरणपंडित फाउलरसाहेबांनी १९२६ सालीच छापलं. अमेरिकेत तर 'दॅन'ही बिनदिक्कत चालतो. आमच्या पोरांचा मार्क मात्र कापला जातो.

पुढं पुढं करणारे तुम्ही पहिले नाही, म्हणून सांगतो. बहमनी दरबाराची भाषा फारसी. बीदरला बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा १४७२ साली उभा राहिला, नौबादला जमिनीखालून पाणी आणणारी कारेझ, आमची सुरंगबावी, तीही इराणी विद्येची. त्या फारसीतही तुमच्यासारखेच शब्द होते, नामाच्या पुढं उभे राहणारे. 'बर हुकूम' म्हणजे हुकमाप्रमाणे. मराठीनं काय केलं? अख्खा 'बरहुकूम' उचलला आणि नामाच्या शेपटीला बांधला : आज्ञेबरहुकूम, नियमाबरहुकूम. इतकंच कशाला, 'हुकुमाबरहुकूम'सुद्धा म्हणतो आम्ही. हुकूम दोनदा झाला तरी कुणाचं काही अडलं नाही. बादशाही भाषेतला शब्द रांगेत मागं गेला आणि सुखानं नांदला. तुम्हाला येऊनही दोनशे वर्षं होत आली. मागं सरकायचं काय घेणार, बोला.

या पत्राची इंग्रजी प्रत सोबत जोडणार होतो. पहिल्याच वाक्यात 'अँग्री'पाशी अडलोय. तुम्ही माणसं की वस्तू, तेवढं उलटटपाली कळवा.

आपला,
नौबादचा एक शिकवणीवाला