शपथ घेतली आणि खर्रा निघाला

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी, आणि हळू बोला, त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनींच्या धाकट्याच्या कंपासपेटीत खर्रा निघाला! पन्नीतला, ताजा घोटलेला. आणि निघाला कधी, तर २६ जूनला, नशाविरोधी दिनाला. शाळा उघडून चार दिवस झाले नाहीत, सगळ्या पोट्ट्यांनी हात पुढे करून नशेविरुद्ध शपथ घेतली, अन् लगेच... पोस्टर स्पर्धेत दुसरा नंबरही त्याचाच म्हणे!

वहिनी धावत शाळेत. म्हणाल्या, "सुपारी असेल हो, जेवणानंतरची." मोठ्या बाईंनी काही न बोलता पन्नी उघडून समोर धरली. वासानंच वहिनींचा चेहरा असा उतरला! पण हरतात थोड्या? "वस्तीतल्या पोट्ट्यांनी शिकवलं असेल, आमच्या घरात हे नाही." तेवढ्यात पाचवीतला एक बारका पोरगा रडायलाच लागला. म्हणाला, "दादा लोक मलाच ठेल्यावर पाठवतात. नाही गेलो तं डबा घेतात, बाथरूममध्ये कोंडतात." आणि तो बारका कुठला, माहीत आहे? त्याच वस्तीतला! आता बोला. वहिनी मग पर्समध्ये रुमाल शोधत बसल्या.

आणि तो पानठेला! २००३ च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही. हा एकशे एकाव्या यार्डावर उभा असेल. गुटखाबंदी २०१२ पासून आहे, पण आपल्या नागपुरात खर्रा काय थांबला? सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवर घोट घोट घोटायचा. डेंटल कॉलेजात जाऊन बघा, खर्रेवाल्यांना डॉक्टर तोंड उघडायला सांगतात, तर काहींच्या तोंडात धड दोन बोटं जात नाहीत. त्या सुपारीनं आतली कातडीच आवळून येते बाप्पा.

तर काय सांगत होते... हो, पालकांची मीटिंग! एक म्हणे काउन्सेलर बोलवा, एक म्हणे कॅमेरे लावा, एका बाबांनी तर त्या बारक्याचीच शाळा बदला म्हटलं. मार खाल्लेल्याचीच! मी उठले आणि म्हटलं, बोखाऱ्याला विचारा ना, वस्तीतल्या पोरांना फुटबॉल खेळवणाऱ्या स्लम सॉकरवाल्यांना. सगळे माझ्याकडे बघतात. "ते अमिताभचं पिक्चर? 'झुंड'?" अहो, पिक्चर २०२२ मध्ये आलं, नागराज मंजुळेनं केलं. स्लम सॉकरचे आपले बारसे सर हे काम त्याच्या वीस वर्षं आधीपासून करून राहिले आहेत. हिस्लॉप कॉलेजात स्पोर्ट्स शिकवायचे. पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना दिसली, यांनी त्यांना बॉल आणून दिला. २००१ ची गोष्ट. बॉल पायात आहे तोवर पोट्ट्यांचे हात दारू, गांजा, मारामारी कशालाच मोकळे नाहीत, एवढं सरांना कळलं. पुढे निवृत्तीच्या पैशातून जमीनही घेतली. आपण त्या पैशात फ्लॅट बघतो.

त्या वस्तीतल्या पोरांतला एक तर पोलीस केसमधला. २०१० ला रिओमध्ये होमलेस वर्ल्ड कप खेळला आणि नंतर इथेच दुसऱ्या पोरांना शिकवायला लागला! आमिर खाननं २०१४ ला बारसे सरांना 'सत्यमेव जयते'त बोलावलं, २०१६ ला फिफानं स्लम सॉकरला डायव्हर्सिटी अवॉर्ड दिला, आणि आपल्या सोसायटीत विचारतात, "कोण बारसे?"

मला काय आवडतं सांगू? त्या होमलेस वर्ल्ड कपात एका बाजूला चारच जण, सात-सात मिनिटांचे दोन हाफ. चारात एकाला बाथरूममध्ये कोंडलं तर खेळणार कोण? मोठ्याला बारक्याचा पास लागतोच. दादागिरीवर दहा भाषणं ऐकवून जे होत नाही, ते इथे पहिल्या गोलात होतं, असं माझं मत. भाषणात पोट्टे मागच्या बाकावर बसून तेच घोटत असतात.

हे सगळं मी बोलले, तर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या ताई काय म्हणाल्या? "पण झोपडपट्टीतल्या मुलांबरोबर खेळायचं?" मी म्हटलं, ताई, खर्रा बंगल्यात निघाला आणि काळजी त्यांनी करायला हवी, की आपलं पोरगं त्यांना बिघडवेल. सगळी मीटिंग चिडीचूप! ताईंनी मोबाइल काढला, रेंज नसलेला.

बरं, रविवारी सकाळी आम्ही चौघीजणी बोखाऱ्याला जाऊन विचारून येणार आहोत. गाडीत एक जागा आहे, येता का? वहिनींनी धाकट्याचं नाव माझ्याकडे आधीच देऊन ठेवलंय. कोणाला सांगू नका म्हणाल्या, तेव्हा तुम्हीही सांगू नका.