चंद्राची वर्गणी

ब्रिटनमधल्या प्राचीन निसर्गधर्माचे (म्हणजे पेगनिझमचे) सर्वांत वंदनीय वैशिष्ट्य म्हणजे त्याचा ताजेपणा. ऋतुचक्राचे आठ सण एका माळेत ओवले गेले ते १९५०च्या दशकात. शरद संपाताच्या सणाला ‘मेबन’ हे नाव मिळाले १९७०च्या दशकात, तेही एका अमेरिकन लेखकाकडून. परंपरा जुनी होईपर्यंत भाविकांना ताटकळत ठेवायचे नाही, हा केवढा मोठेपणा!

सोयीचाही विचार आहे. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशी स्टोनहेंजचा सूर्योदय विनामूल्य दिसतो. पैसे पडतात ते फक्त गाडी उभी करायचे. ऑस्ट्रेलियातल्या साधकांनी तर अख्खे चक्रच उलटे फिरवून हिवाळ्याचा ‘यूल’ हा सण जूनमध्ये आणला. निसर्गाने साथ दिली नाही म्हणून कोणी अडून बसत नाही.

आता सुधारणा हवी ती एकट्या चंद्रात. साडेएकोणतीस दिवसांचा त्याचा हेका जात नाही. साधना पौर्णिमेच्या रात्री करायची, तर हा भर बुधवारी पौर्णिमा टाकतो, आणि गुरुवारी सकाळी लोकांना कामावर जायचे असते. यापुढे पौर्णिमा शनिवारी रात्री घ्यावी आणि चांदण्यात ठेवलेल्या पाण्याच्या, म्हणजे चांद्रजलाच्या, बरण्या दोन दिवस आधी घरपोच मिळाव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे.

ती अमलात आणणे अवघड नाही. पुरोहित नको म्हणून हा मार्ग धरलेल्यांना आज पौर्णिमा असल्याचे फोनमधले अ‍ॅप कळवते. खिडकीबाहेर डोकावायचे कारणच उरलेले नाही. उद्या चंद्र दीर्घ रजेवर गेला, तरी साधनेत खंड पडणार नाही. वर्गणी तेवढी वेळेवर भरलेली असावी.