एवढं पाहून दे न भाऊ

बुलडाणा जिल्ह्याचे तालुके तेरा. त्यातले काही घाटावर, काही घाटाखाली. घाटावरची हवा वेगळी, घाटाखालचं ऊन वेगळं, बोलीचा हेलही जरा वेगळा. पण चिखलीच्या कार्यालयात जा की नांदुऱ्याच्या, एका बाबतीत फरक सापडायचा नाही. फायलींच्या कपाटाआड, तीन टेबलांच्या वायरी जिथे एकत्र येतात, तिथे एक माणूस बसलेला असतो आणि त्याच्या खुर्चीमागे दोघं-तिघं उभे असतात. खुर्चीतला माणूस बोलत नाही. मागचे बोलतात : ‘‘एवढं पाहून दे न भाऊ.’’

त्याचं पूर्ण नाव सेवापुस्तकात आहे आणि सेवापुस्तकाबाहेर ते फारसं आलेलं नाही. साहेबांपासून चहावाल्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांचा तो भाऊ. पदनाम कनिष्ठ सहायक. कार्यविवरणात लिहिलेलं काम आवक-जावक नोंदवही. प्रत्यक्षात त्याच्याकडे प्रिंटर आहे, स्कॅनर आहे, राऊटर आहे, वरिष्ठांची व्हीसी जोडून देणं आहे, पगाराच्या बिलाचं लॉगिन आहे, साहेबांच्या मोबाईलचा रिचार्ज आहे आणि कोणाच्या तरी पुतण्याचा प्रवेशअर्ज तर बारमाही आहे. आवक-जावक जमेल तशी होते.

शाळांमध्ये हा भाऊ बहुधा मॅडम असतो. सरल, युडायस, शालार्थ या पोर्टलांची नावं कानावर पडली की ज्येष्ठ गुरुजी ज्या तरुण शिक्षिकेकडे मायेने पाहू लागतात, ती. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर आल्यापासून हेच खातं काही ठिकाणी सेविकेच्या बारावीतल्या पोराकडे गेलं आहे. त्यांच्यावर वेगळं लिहावं लागेल.

भाऊचं संगणकाचं शिक्षण म्हणाल तर खामगावला केलेलं टायपिंग, रेमिंग्टनच्या मशीनवर मराठी तीसचा वेग, आणि सक्ती झाली म्हणून एमएससीआयटी. एवढं तर सगळ्यांनीच केलं होतं. भाऊकडे जास्तीचं होतं ते धैर्य. कार्यालयात पहिला संगणक आला तेव्हा त्याला स्वतंत्र खोली मिळाली, जी बडेबाबूंना उभ्या नोकरीत मिळाली नव्हती. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. संगणकावर प्लास्टिकचं आवरण, खोलीला कुलूप, किल्ली बडेबाबूंच्या कनवटीला. काही दाबलं आणि सरकारचं नुकसान झालं तर वसुली कोणाच्या पगारातून, हा प्रश्न मिटेना म्हणून संगणक बरेच दिवस नुसता पूजनीय राहिला. मग एके दिवशी भाऊने आवरण काढलं आणि बटण दाबलं. काही झालं नाही, कारण वायरच लावलेली नव्हती. त्याने वायर लावली. त्या क्षणी कार्यालयाने त्याच्यावर जो शिक्का मारला तो आजवर पुसलेला नाही.

त्याची उपचारपद्धती तीन पायऱ्यांची आहे. पहिली, बंद करून चालू करणे. दुसरी, मागची वायर काढून तिच्यावर फुंकर मारून परत लावणे. तिसरी म्हणजे प्रिंटरच्या डाव्या कुशीत बेताची थाप. हिला शास्त्रीय आधार नाही, पण आयटीत पदवी घेतलेला एक तरुण मध्यंतरी बदलून आला होता, त्याने प्रिंटर पाहून सरळ निर्लेखनाचा प्रस्ताव तयार केला. प्रस्ताव अगदी बरोबर होता. फक्त तो छापायचा कुठे, हा प्रश्न आला आणि थाप मारायला भाऊलाच बोलवावं लागलं. दसऱ्याला संगणकासोबत प्रिंटरचीही पूजा होते, हार चढतो, आणि पुढचे आठ दिवस भाऊ चिमट्याने झेंडूच्या पाकळ्या बाहेर काढत असतो.

पूर्वी ‘साहेब नाहीत’ या एका वाक्यावर सगळं कार्यालय निभावून जाई. आता त्याच्या जोडीला ‘सर्व्हर नाही’ आलं. साहेब निदान जीपमधून उतरताना दिसतात. सर्व्हर कोणी पाहिलेला नाही. एका आजोबांनी खिडकीतून विचारलं, ‘‘कुठं गेला तो?’’ भाऊ म्हणाला, ‘‘मुंबईले असते बाबा.’’ ‘‘मंग येते कधी?’’ ‘‘सांगता येत नाही.’’ आजोबांचं समाधान झालं. मुंबईला गेलेल्या माणसाचं काही सांगता येत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

आमच्या जिल्ह्याला भाकिताचं वावडं नाही. अक्षय तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती धान्यं ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यात काय हललं, काय सांडलं ते पाहून वर्षाचा अंदाज सांगतात : पाऊस कसा, पिकं कशी, राजाची गादी कायम की नाही. त्यावर विश्वास ठेवणारे आणि न ठेवणारे दोघेही दुसऱ्या दिवशी पेपरात ते आधी वाचतात. भाऊला हेच काम रोज करावं लागतं. सकाळी खिडकीपुढे रांग लागलेली असते. तो पडद्यावर फिरणाऱ्या चकतीकडे पाहतो, खिडकीबाहेरच्या टॉवरकडे पाहतो आणि सांगतो, ‘‘अकरापर्यंत मोघम. दुपारी नाही. चारनंतर साधारण.’’ माणसं त्या हिशेबाने बाजारहाट करून येतात. त्याचा अंदाज क्वचित चुकतो आणि चुकला तर दोष मुंबईचा.

सर्व्हर रात्री अकरानंतर मोकळा असतो, हे गुपित मात्र भाऊला महागात पडलं. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. महिन्याला १५०० रुपयांचा प्रश्न. गल्लीतल्या सगळ्या बहिणी आधारकार्ड घेऊन रात्री भाऊच्या ओसरीवर. अर्ज भरणं हे काही त्याच्या टेबलाचं काम नव्हतं, पण ‘नाही’ म्हणायचं शिक्षण एमएससीआयटीत नव्हतं. कायम सरकारी नोकराच्या घराला ती योजना लागू नाही. म्हणजे जिच्या नावाचा अर्ज कधीच भरला जाणार नव्हता ती एकटी बाई, भाऊची बायको, बाकीच्या सगळ्यांना चहा करून देत होती. तिने त्या काळात शासनाबद्दल जी मतं व्यक्त केली ती इथे देता येत नाहीत.

भाऊची खरी विद्वत्ता पाहायची असेल तर फॉन्टच्या वेळी पाहावी. जुनं सगळं कृतीदेवमध्ये, नवे आदेश युनिकोडमध्ये. ज्या संगणकावर कृतीदेव नाही तिथे ते पत्र उघडलं की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा खच पडतो. जिल्ह्याहून फोन येतो की तुमच्या पत्रात शिव्या आहेत काय. भाऊ तो खच सरळ वाचतो. व्ही आणि के शेजारी दिसले की ‘आ’, एच आणि के दिसले की ‘भ’. ताम्रपट वाचणाऱ्यांना सरकार मान देतं. याला अर्जित रजाही मिळत नाही.

मग कागदविरहित कार्यालय आलं. ई-ऑफिस. त्या आदेशानंतर भांडारात पहिली मागणी गेली ती दोन रिम कागदाची, आदेशाच्या प्रती काढण्यासाठी. आता फाईल संगणकावर येते. साहेबांना पडद्यावर वाचून डोकं दुखतं म्हणून भाऊ ती छापतो. साहेब लाल पेनने दुरुस्त्या करतात. भाऊ ती स्कॅन करून चढवतो. आणि वर टिप्पणी टाकतो की कार्यवाही पूर्णतः ऑनलाईन झाली. साहेबांची डिजिटल सही म्हणजे तो पेनड्राईव्हसारखा तुकडा. तो भाऊच्या किल्ल्यांच्या जुडग्यात, मोटारसायकलच्या चावीशेजारी असतो. सगळ्यांचे पासवर्ड एका पतसंस्थेच्या जुन्या डायरीत, किराण्याच्या यादीच्या मागच्या पानावर. सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण झालं तेव्हा भाऊने प्रामाणिकपणे विचारलं की डायरीत लिहू नये तर मग कुठे लिहावे. व्याख्यात्याने ‘चांगला प्रश्न आहे’ म्हणून पुढची स्लाईड घेतली.

ओटीपीची गंमत आणखी वेगळी. एका लॉगिनला अजून आधीच्या आधीच्या साहेबांचा मोबाईल जोडलेला आहे. ते बदलून गडचिरोलीला गेले. महिन्याच्या अखेरीस भाऊ फोन करतो, ‘‘नमस्कार साहेब, तब्येत बरी न? आला का?’’ ते आकडा सांगतात. निरोपसमारंभात ‘तुम्हाला कधी विसरणार नाही’ असं सगळेच म्हणाले होते. पाळलं एकट्या भाऊने, तेही पोर्टलवर नंबर बदलायची सोय सापडेना म्हणून.

वरून येणाऱ्या प्रपत्रांचं तर विचारू नका. व्हॉट्सअॅपवर सव्वाचारला प्रपत्र येतं आणि माहिती चारपर्यंत द्यायची असते. ‘तात्काळ’ हा शब्द आता कोणी वाचत नाही, ‘अतितात्काळ’ला मान वर होते, आणि ‘अन्यथा आपणास जबाबदार धरण्यात येईल’ आलं की भाऊकडे येतात. त्याच्याकडे निरंक अहवालाचा कायमचा नमुना तयार आहे. तालुक्यात बंदरं किती, निरंक. हत्ती किती, निरंक. फक्त तारीख बदलायची. एकदा तारीख बदलायची राहिली आणि मागच्या वर्षीचा निरंक गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण निरंक तेवढाच होता.

कार्यालयीन यंत्रणा झाली की मोबाईल सुरू होतात. ‘‘भाऊ, हा हँग होऊन राह्यला.’’ भाऊ पाहतो तर शुभ सकाळ, शुभ गुरुवार, शुभ एकादशी. शुभ सकाळी तो निर्दयपणे उडवतो. अडचण शेगावच्या महाराजांपाशी येते. दर गुरुवारी सगळ्या गटांतून येणारे गजानन महाराजांचे शेकडो फोटो. मोबाईलमध्ये श्वास घ्यायला जागा नाही, पण ते डिलीट करायला मालक धजत नाही आणि भाऊही नाही. ‘‘तूच कर न भाऊ, मी तिकडे पाहतो.’’ ‘‘मी काऊन करू? मोबाईल तुमचा.’’ शेवटी तोडगा निघाला. ‘महाराज’ नावाचा फोल्डर करायचा, सगळं त्यात हलवायचं आणि नवीन मेमरी कार्ड घ्यायचं. मोबाईलच्या दुकानदारांवर महाराजांची कृपा अशी आहे.

भाऊची स्वतःची शेतीही आहे, घाटाच्या पायथ्याशी, थोडीशी. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढून अॅपवर टाकायचा. कल्पना चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. पूर्वी कापसाच्या शेतात कागदावर ऊस उगवत असे. पण भाऊच्या शेतात नेटवर्क नाही आणि नेटवर्क जिथे आहे तिथे त्याचं शेत नाही. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि तेराशे किलोमीटरहून जास्त चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. गळ्यात रेडिओ कॉलर, त्यामुळे त्याचा रस्ता टिपला गेला. भाऊ बांधावर मोबाईल उंच धरून उभा राहतो तेव्हा त्याला तो वाघ आठवतो. ‘‘त्याचं लोकेशन आलं,’’ तो म्हणतो, ‘‘माझं सोयाबीन शेजारच्या गावात दाखवून राह्यलं.’’ डिजिटल सहीचा सातबारा मात्र पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो, याचं त्याला कौतुक आहे. तो एवढा कौतुकाने सांगतो की ऐकणारा म्हणतो, मग माझाही काढून दे न भाऊ.

आता एआय आलं. कार्यालयात आनंद झाला की भाऊवरचा ताण कमी होणार. झालं असं की जो ताण आधी ‘टाईप करून दे’ होता तो ‘त्याले विचारून टाईप करून दे’ असा झाला. साहेबांना एका शाळेच्या कार्यक्रमात बोलायचं होतं. भाऊने यंत्राकडून भाषण मागितलं, छापलं, दिलं. साहेब ‘उज्ज्वल’ आणि ‘अथांग’ या शब्दांशी झुंजत शेवटपर्यंत पोचले आणि त्याच दमात पुढची ओळही वाचून गेले : ‘हे भाषण आणखी लहान करून देऊ का?’ उन्हात बसलेली पोरं एका सुरात ‘हो’ म्हणाली. त्या दिवसाचा सगळ्यात मनापासून आलेला प्रतिसाद तोच.

एवढं सगळं करून भाऊला मिळतं काय? बाहेरगावाहून कोणी आलं तर शेगावची कचोरी. बाकी काही नाही. मागच्या बदल्यांत त्याला त्याच्या गावाजवळचं कार्यालय मिळालं होतं. साहेबांनी ‘पर्यायी व्यवस्था होईपर्यंत’ कार्यमुक्त केलं नाही. पर्यायी व्यवस्था करायचं पत्र भाऊनेच टाईप केलं, पाठवलं आणि त्याला आलेलं ‘विचाराधीन’ हे उत्तरही त्यानेच डाऊनलोड केलं.

गोपनीय अहवालाची वेळ आली तेव्हा तोही ऑनलाईन निघाला. साहेबांचं लॉगिन भाऊच उघडतो. साहेब व्हीसीत होते. खुणेने म्हणाले, भरून टाक. म्हणजे स्वतःचा गोपनीय अहवाल स्वतः लिहायची संधी सरकारी नोकरीत ज्या थोड्यांना मिळाली असेल त्यात आमचा भाऊ आला. समोर सगळ्या प्रतवाऱ्या होत्या. अत्युत्कृष्ट होती, उत्कृष्ट होती. त्याने जरा वेळ विचार केला आणि ‘निश्चित चांगला’वर टिचकी मारली. संगणकाचे ज्ञान या रकान्यात ‘आहे’ एवढंच लिहिलं.

माझी शासनाला विनंती आहे की पुढच्या आकृतिबंधात प्रत्येक कार्यालयात हे एक पद मंजूर करावं. पदनाम ‘भाऊ’ ठेवलं तरी चालेल, शासन निर्णय टाईप करायला तो आहेच. आणि वाचकहो, तोपर्यंत आपण एवढं करू. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून कार्यालय पावणेदहा ते सव्वासहा असतं. त्यात एक ते दोनच्या दरम्यान त्याची जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी असते. त्या वेळात त्याला फोन करू नका. इतर वेळी करायचाच असेल तर आधी मागची वायर एकदा दाबून पाहा.