स्वामी, समर्थ आणि मी

३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या नागावच्या वाडीतल्या एकोणचाळीस पोफळी आडव्या करून पुढे गेलं. त्यानंतर अठरा दिवस वीज नव्हती. टाळेबंदी चालूच होती, त्यामुळे कुठे जाऊन बसायचीही सोय नव्हती. भाच्याने वर्षभरापूर्वी वाढदिवसाला दिलेले आणि मी टीव्हीच्या मागे टेकू म्हणून लावलेले 'स्वामी मुद्रिकांचा'चे खंड त्या अठरा दिवसांत मी ओटीवर बसून वाचले. टॉल्किन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने १९५४-५५ साली तीन खंडांत छापलेली ती कथा, मुग्धा कर्णिकांनी मराठीत आणलेली. एकोणिसाव्या दिवशी सकाळी शेवटचं पान संपलं आणि दुपारी वीज आली. आळीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. ते लोकांच्या लक्षात राहिलं आहे.

पंचनाम्याला माणूस आला, त्याने पोफळी मोजल्या, उडालेली कौलं मोजली, गोठ्याची भिंत पाहिली. "अजून काही नुकसान?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पुस्तक संपलं." त्याने कागद वर-खाली पाहिला आणि त्याला रकाना नसल्याचं सांगितलं. सरकारी माणसाकडून मला मिळालेलं हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. बाकी ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, त्या सगळ्यांकडे रकाना होता आणि त्यांनी तो भरून दिला.

पहिला रकाना वाचनालयाचा. वाचनालयाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून जायचं आहे. काउंटरवरच्या बाईंना म्हटलं, "'स्वामी मुद्रिकांचा' संपलं. तसंच काहीतरी द्या." बाईंनी क्षणाचाही विचार न करता मागच्या कपाटातून पुस्तक काढलं. रणजित देसाई, 'स्वामी', १९६२.

"हे पण स्वामीच आहे," बाई म्हणाल्या.

आता 'स्वामी'बद्दल माझी तक्रार नाही. माधवराव पेशव्यांची ती गोष्ट मी चारदा वाचली आहे. तीनदा रडलो, चौथ्यांदा सर्दी होती. पण त्यात अंगठी नाही, चेटक्या नाही, आणि थोरले माधवराव सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले हे मला आधीच ठाऊक आहे. मी हे बाईंना समजावून सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "मग 'श्रीमान योगी' न्या. मोठं आहे." माझी गरज जाडीची आहे असा त्यांचा समज झाला होता.

मी म्हटलं, मीच शोधतो. इथून खरा त्रास सुरू झाला. त्या वाचनालयात पुस्तकं विषयवार लावली आहेत आणि विषय नावावरून ठरतो. 'स्वामी मुद्रिकांचा'ची त्यांची प्रत मला कपाट क्रमांक ७, अध्यात्म, इथे सापडली. तिच्या डाव्या हाताला अक्कलकोटच्या स्वामींचं चरित्र होतं. उजव्या हाताला नारायण धारपांच्या 'समर्थ' मालिकेतली दोन पुस्तकं, आणि पलीकडे दासबोध. धारपांचे समर्थ भुतं-पिशाच्चं आणि त्याहून वाईट गोष्टींशी लढतात. ती पुस्तकं कुणीतरी रामदासनवमीच्या आसपास नेऊन चार दिवसांत परत केल्याचं मागच्या चिठ्ठीवरच्या तारखांवरून कळतं. त्या वाचकाबद्दल मला आपुलकी आहे. 'हॅरी पॉटर आणि परीस' शोधायला मला दोन आठवडे लागले. ते ज्योतिष आणि रत्नशास्त्रात होतं.

बरं, चूक त्यांची तरी कशी म्हणायची? जे हवं आहे त्याला मराठीत नीट नावच नाही. अद्भुतरम्य म्हटलं की लोक परीकथा समजतात. कल्पनारम्य म्हटलं की कविता. फँटसी म्हटलं की समोरचा जरा मागे सरकतो. कल्पितकथा हा शब्द वापरून पाहिला, तेव्हा एका निवृत्त मुख्याध्यापकांनी, प्रत्येक कथा कल्पितच असते, यावर मला बस स्टँडवर पंचवीस मिनिटं उभं केलं. त्यांची रेवदंड्याची गाडी गेली, माझीही गेली.

पुण्याला लग्नाला गेलो होतो, तेव्हा अप्पा बळवंत चौकात विचारून पाहिलं. दुकानाचं नाव याही वेळी सांगत नाही. दुकानदाराने पुस्तकावरून नजर न उचलता विचारलं, "कादंबरी म्हणजे कसली हवी? सामाजिक, ऐतिहासिक, रहस्य?"

मी म्हटलं, "वेगळंच जग असेल अशी. स्वतःचा नकाशा, स्वतःच्या भाषा, जमल्यास एखादा ड्रॅगन."

आता त्याने नजर उचलली. "मोठ्या माणसासाठी?"

"माझ्यासाठी."

"कुठून आलात आपण?"

यावर खरं उत्तर एकच होतं आणि मला खोटं बोलता येत नाही. "अलिबागहून."

दुकानात तिघे-चौघे होते. कुणी हसलं नाही, आणि हसण्यापेक्षा ते वाईट होतं. 'अलिबागसे आया है क्या' या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, असा त्या निकालाचा सूर होता. मी लावून घेतलेलं नाही. मला फक्त पुस्तक हवं होतं. दुकानदाराने शेवटी 'ययाति' पुढे केलं. "यात शाप आहे," तो म्हणाला.

आमच्याकडे शनिवार-रविवारी दोन खोल्या पाहुण्यांना देतो. मुंबई-पुण्याची तरुण मंडळी येतात, समुद्रावर वाचायला म्हणून जाड इंग्रजी पुस्तकं आणतात, सत्तेचाळीस पानं वाचतात आणि जाताना विसरून जातात. माझ्याकडे अशी अकरा पुस्तकं जमली आहेत. सगळी वाळूसकट, आणि सगळ्यांच्या पाठीवर 'भाग १' असं. दुसरा भाग आजवर कुणीही विसरलेला नाही. दुसऱ्या भागापर्यंत पोहोचणारा माणूस बहुधा नागावला येत नसावा.

भाचा आयटीत आहे. त्याला फोन केला तर त्याने उत्साहाने एक मालिका सुचवली. चौदा खंड. मी म्हटलं, लेखक काय म्हणतात? तर लेखक, रॉबर्ट जॉर्डन, २००७ सालीच वारले. शेवटचे तीन खंड त्यांच्या टिपणांवरून दुसऱ्याने लिहून दिले. माझं वय एकसष्ट. त्या चौदा खंडांत नक्की कोण कुणाच्या आधी जाईल हे पाहता मी ती मालिका पुढे ढकलली. मग त्याने सिंहासनाच्या भांडणावरची दुसरी एक सांगितली. तिचा पाचवा खंड २०११ साली आला आणि मी हे लिहितोय तोवर सहावा आलेला नाही. २०११ सालीच आमच्याकडे मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण सुरू झालं. पुढच्या तारखा दोन्हींच्या येतात आणि जातात. एकाच साली सुरू झालेल्या दोन गोष्टींची वाट एका माणसाने पाहू नये, म्हणून मी फक्त महामार्गाची पाहतो.

आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं वेगळं. ती म्हणते, अलिबागचा पांढरा कांदा श्रावणात संपला की गिऱ्हाईक येऊन रिकाम्या माळेकडे बघत उभं राहतं. त्याला नाशिकचा दिला की म्हणतं, हा तो नव्हे. "कांदा तो कांदाच. पुढच्या हंगामापर्यंत थांबायचं, नाहीतर असेल तो चिरायचा." व्यवहाराच्या बाजूने हे बिनतोड आहे. पण कांद्याला पुढचा हंगाम असतो. टॉल्किन १९७३ साली वारले.

मग येतात ते 'आपल्याकडेच बघा'वाले. हे लोक मला सर्वांत जास्त छळतात, कारण त्यांचं पूर्ण चुकत नाही. "तुम्ही जंजिऱ्यापासून तासाभरावर राहता आणि परक्या देशातले किल्ले वाचता?" समुद्राच्या मधोमध तट, आत गोड्या पाण्याचं तळं, दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला शरभ. वाटाडे तुम्हाला बावीस बुरूज, बावीस एकर आणि बावीस वर्षं सांगतात, जणू आकडासुद्धा मंतरलेला आहे. समोर पद्मदुर्ग, तिथले चिरे लाटांनी झिजून आत गेलेत आणि मधला चुना मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बाहेर उभा आहे. लाय पाटलाने एका रात्रीत जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, मोरोपंतांची माणसं वेळेवर आली नाहीत, आणि उजाडायच्या आत त्या शिड्या उतरवाव्या लागल्या, असं सांगतात. यापेक्षा चांगलं प्रकरण कुठल्या कादंबरीत आहे?

मान्य. पण यावर मी जेव्हा म्हणतो, की मग यावरच एखादी कपोलकल्पित कादंबरी लिहा, शरभ जिवंत होऊ दे, शिड्या लागू दे, तेव्हा हेच लोक खुर्चीत ताठ होतात आणि पुरावा विचारतात. कल्पनेला पुरावा, इतिहासाला पुतळा. मी आपला चहा पितो.

गंमत अशी, की मराठी कादंबरी या लाजाळूपणाने सुरू झाली नव्हती. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं, विधवांच्या हालांवरचं, ते सोडा. त्यानंतर वाचकांनी उचलून धरलं ते अद्भुताला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची. मग १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी 'मंजुघोषा' लिहिली आणि प्रस्तावनेत कारणही देऊन टाकलं. आमची लग्नाची रीत आणि बाकीचा दिनक्रम असा आहे, की आमच्या आयुष्यात ना मजेदार सद्गुण सापडतात ना मजेदार दुर्गुण. रोजचं लिहिलं तर कुणी वाचणार नाही, म्हणून अद्भुताकडे वळणं भाग आहे, असा त्यांचा मुद्दा. मी हे वाचलं त्या दिवशी माझा दिनक्रम असा होता: पंपाचा फ्यूज, सुपारीचा भाव, पाहुण्यांच्या खोलीतला गीझर, आणि 'वायफाय का चालत नाही' या प्रश्नाला सहा वेळा उत्तर. रिसबूडांच्या दूरदृष्टीपुढे मी हात जोडले. दीडशे वर्षांनंतरचं नागाव त्यांना दिसत होतं.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८८५ साली 'मधली स्थिती' लिहायला घेतली, आणि हळूहळू असं ठरलं की मराठी कादंबरी आता मोठी झाली. मोठं झाल्यावर आपण बालपणीच्या वस्तू माळ्यावर टाकतो. अद्भुत तिथे गेलं. नाथमाधवांनी ते एकदा खाली आणलं. 'वीरधवल', १९१३. सिंहगडावर शिकारीच्या नादात कड्यावरून कोसळून कमरेखाली अधू झालेल्या माणसाने बिछान्याला खिळून लिहायला घेतलं, आणि तरुण पिढ्या रात्र रात्र जागल्या. माझे वडीलही जागले, त्यांनी मला सांगितलं होतं. मला हवं होतं ते पुस्तक बहुधा हेच, हे कळायला मला चार वर्षं आणि तीन वाचनालयं लागली.

पहिल्या वाचनालयात ते नोंदवहीत होतं, कपाटात नव्हतं. शेऱ्याच्या जागी निळ्या शाईत 'वादळात गहाळ'. दुसरीकडे होतं, पण दमट हवेने पानं एकमेकांना चिकटली होती आणि कसर मधल्या तीन प्रकरणांतून आरपार गेली होती. शेवटची बारा पानं नव्हती. आतल्या कव्हरावर कुणीतरी पेन्सिलने शेवट थोडक्यात लिहून ठेवला होता. अशा माणसांसाठी आमच्या कोकणात पूर्वी शिळांवर गाढवाचं चित्र कोरून शाप लिहून ठेवत. गद्धेगाळ म्हणतात त्याला. शिलाहारांची ही चांगली प्रथा वाचनालयांनी चालू ठेवायला हवी होती.

तिसऱ्या वाचनालयात बाई म्हणाल्या, "अद्भुत ना? ते बालविभागात."

बालविभाग म्हणजे खिडकीखालचं गुडघाभर उंचीचं कपाट. मुलांच्या हाताला लागावं म्हणून ते तसं केलं आहे, हेतू चांगला आहे. मी उकिडवा बसलो. डावा गुडघा वाजला. 'चांदोबा'चे बांधलेले जुने अंक होते, फास्टर फेणे होता, आणि 'हॅरी पॉटर'चे सात भागांपैकी पहिला, चौथा आणि सहावा. शेजारी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी मांडी घालून पाचवा वाचत होती.

"आजोबा, तुमचा कितवा चाललाय?" तिने विचारलं.

आजोबा हा शब्द मी सोडून दिला. म्हटलं, "पॉटर नाही. मला वीरधवल हवाय."

"तो इथे नाहीये."

"माहीत आहे. वादळात गेला."

"नाही गेला," ती पान उलटत म्हणाली. "आमच्या आजीकडे आहे. वादळाच्या आधीपासून."

तिची आजी अक्षीला राहते. माझ्या घरापासून सायकलवर दहा मिनिटं. मी शक्य तितक्या हलक्या आवाजात विचारलं, की आजीचं वाचून कधी होईल.

"आजीचं कधीच झालं. आता शेजारच्या काकू वाचतायत. मग त्यांच्या नणंदेला पाहिजे, ती चौलला असते." तिने पिशवीतून एक छोटी वही काढली, मागच्या पानावरची नावं बोटाने मोजली, आणि माझं नाव आडनावासकट विचारून घेतलं.

माझा नंबर चौथा आहे. नणंद सावकाश वाचते म्हणतात.