धुराची दिंडी

पुण्यात जुनी स्कूटर कुणी विकत नाही. ती जिन्याखाली जाते. तिथे तिच्यावर आधी एक विटकी चादर येते, चादरीवर गेल्या दिवाळीचा आकाशकंदील येतो आणि आकाशकंदिलावर नातवाची मोडकी तीनचाकी येते. दर दसऱ्याला चादरीचं एक टोक वर करून हँडलला झेंडूची माळ बांधायची, ‘हिचं एकदा काम करून घ्यायला हवं’ असं म्हणायचं आणि टोक खाली सोडायचं. आमच्या गटातल्या सगळ्या गाड्या अशा जिन्याखालून आल्या आहेत. माणसंही बहुतेक तिथूनच आली असावीत.

गटात एकमेकांना गाडीच्या नावाने हाक मारायची पद्धत आहे. त्यामुळे ‘प्रिया’ म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, झुपकेदार मिशांचे, आवाज धरणापलीकडे जाईल असे गृहस्थ. त्यांची स्कूटर साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातली, म्हणून ते तिला ‘आमची साताऱ्याची’ म्हणतात, आणि घरी काकू साताऱ्याच्याच असल्यामुळे ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो. ‘चेतक’ कोथरूडचे, गटाचे म्होरके. ‘लॅम्ब्रेटा’ कॅम्पातले शेठ. पार्टसाठी ते दर शनिवारी नाना पेठ पालथी घालतात आणि पार्ट मिळाला नाही तरी समाधानी परततात. ‘यझदी’ हिंजवडीत संगणकावर बसणारा पोरगा. त्याची गाडी त्याच्यापेक्षा वयाने मोठी, म्हणून तो तिला ‘आई, चल ना’ असं म्हणत किक मारतो. मी ‘सुपर’. नोकरीच्या सबंध काळात साहेबांनी मला हे विशेषण एकदाही लावलं नाही, ते इथे फुकट मिळालं. आणि ‘ल्यूना’ म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इतिहासाच्या बाई. त्यांना मात्र नुसतं ‘ल्यूना’ म्हणायची कुणाची छाती नाही. ल्यूनाबाई.

चेतक आणि ल्यूना एकाच वर्षीच्या, १९७२ च्या. एक आकुर्डीच्या बजाजची, दुसरी फिरोदियांच्या कायनेटिकची. महाराष्ट्रात तेव्हा दुष्काळ होता. त्या साली पुण्यात पिकलं ते एवढंच. चेतकला पुढे इतकी मागणी आली की नंबर लावून आठ-दहा वर्षं थांबावं लागे. परदेशातल्या नातेवाइकाने डॉलर भरले तर गाडी लवकर मिळे, त्यामुळे ज्यांच्याशी तीन पिढ्या बोलणं नव्हतं असे चुलतेही लोकांनी शोधून काढले. प्रियांची गाडी त्यांच्या लग्नात नोंदवलेली, मुलाच्या मुंजीत आली.

एकत्र फिरायची शिस्त मात्र आम्ही कॅनडाहून आणली. चेतकचा भाचा तिथे असतो. तो आणि त्याचे मित्र हिवाळ्यात जुन्या स्नोमोबाइल घेऊन बर्फातल्या वाटांवरून रांगेने फिरतात. स्नोमोबाइल म्हणजे पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरता पट्टा आणि मध्ये बसलेला, सर्दी झालेला माणूस. जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांनी १९५९ साली क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावी ‘स्की-डू’ काढली आणि पुढच्या दोन दशकांत उत्तर अमेरिका तिच्या धुराने भरून गेली. गोत्र आमचंच, टू-स्ट्रोक. पिस्टनसाठी वेगळं ऑइल नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, ते आत जाऊन वंगण देतं आणि बाहेर येताना मागच्याला भोवळ आणतं. तेही लोक खिशात जादा प्लग घेऊन फिरतात, तेही दर मैलावर थांबतात. फरक एवढाच, की ते थांबतात तिथे सल्ला द्यायला कुणी नसतं. बिचारे.

तर त्या लोकांची रीत अशी, की अरुंद वाटेवर समोरून कुणी आलं तर आपल्या मागे आणखी किती जण आहेत ते बोटांनी दाखवायचं, आणि शेवटच्याने मूठ वळून दाखवायची. चेतकना हे फार आवडलं. रविवारी जेजुरीला जायचं ठरलं होतं, तेव्हा हा नियम त्याच फेरीपासून लागू झाला. दिवे घाटाने जायचं की बोपदेव घाटाने यावर बैठकीत दोन तास गेले, पण बोटांचा ठराव एकमताने मंजूर झाला.

‘सहा म्हणजे सहा’ असं बजावलेलं असल्यामुळे सगळे पावणेसातला अमृततुल्यावर हजर होते. थंडी होती. थंडीत जुनी स्कूटर सुरू करणं हा एक विधी आहे. चोक ओढायचा, गाडी आडवी करायची, पुन्हा उभी करायची, मग किक. आडवी कोणत्या बाजूला करायची यावरून दोन पंथ आहेत: इंजिनाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे. चहावाल्याने दोन्ही पंथांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, “काका, पेट्रोलचा कॉक बंद आहे.” लॅम्ब्रेटाशेठ म्हणाले, “ते आमाला म्हाईत हाय,” आणि कॉक उघडला. यझदीत किक आणि गियर एकाच दांडीवर असल्यामुळे पोरगा दांडी मागे-पुढे करून घामाघूम झाला. ल्यूनाबाई आल्या, दोन पेडल मारली, निघाल्याही. रस्त्याच्या टोकाला जाऊन वळून म्हणाल्या, “चला, हजेरी झाली.”

पंपावर टू-टी ऑइल मागितलं तर पोऱ्याने आमच्याकडे असं पाहिलं, की जणू आम्ही रॉकेलच्या रेशनची रांग विचारतोय. शेवटी आतल्या कपाटामागून पुड्या निघाल्या. लिटरला किती मिली टाकायचं, हा प्रश्न मात्र पंपावर विचारू नये. प्रिया मोजून टाकतात, चेतक अंदाजाने, आणि लॅम्ब्रेटाशेठ ‘थोडा जास्तीच बरा’ या तत्त्वाने. म्हणून लॅम्ब्रेटाला कायम शेवटी ठेवतात. तिच्या मागे कुणी असेल तर तो नंतर दिसत नाही.

हडपसर ओलांडलं, फुरसुंगीची गर्दी मागे पडली आणि चेतकनी पहिल्यांदा डावा हात वर करून पाच बोटं दाखवली. आता हे ध्यानात घ्या, की समोरून येणारा माणूस मराठी आहे. रस्त्यावर समोरचा हात करतो, दिवा मारतो, म्हणजे पुढे पोलीस आहेत, हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. पाच बोटं म्हणजे पाच पोलीस. समोरून येणाऱ्या पहिल्या दुचाकीस्वाराने तत्काळ कोपरात अडकवलेलं हेल्मेट डोक्यावर चढवलं. त्यामागच्याने आरशावरचं काढून घातलं. मी चार बोटं दाखवली, तर एका मोटारसायकलवरच्या तिघांतला एक जण चालत्या गाडीवरून उतरला आणि पायी चालू लागला. लॅम्ब्रेटाशेठनी मूठ दाखवली तेव्हा मात्र दोघे भांडायला थांबले. २०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती आली तेव्हा शहर आंदोलनाला उभं राहिलं होतं. तेव्हा दंडाच्या पावत्यांनी जे साधलं नाही, ते त्या सकाळी सासवड रस्त्यावर कॅनडाच्या बर्फाने साधलं.

आषाढी वारीत दिवे घाटात माउलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात. यावरून चढ काय आहे ते कळावं. आम्हाला बैल नव्हते, तेव्हा पहिल्या वळणावर प्रिया पहिल्या गियरमध्ये गेली, दुसऱ्या वळणावर माझ्या सुपरने दम टाकला आणि तिसऱ्या वळणावर चेतक ‘फट्’ असा एकाक्षरी अभिप्राय देऊन बंद पडली. तेवढ्यात पन्नास सीसीची ल्यूना, इंजिन आणि पेडल दोन्ही चालू, आमच्या बाजूने वर गेली. बाई श्वास न लागता म्हणाल्या, “वर थांबते.”

स्कूटर बंद पडली की ती एकट्याची राहत नाही. आम्ही प्लग काढला. काळा ठिक्कर, अर्धशतक धूर प्यायलेला. पॉलिश पेपरने घासायला सुरुवात केली तोवर चार गाड्या थांबल्या होत्या. एक जण म्हणाला, “पॉइंट बघा.” दुसरा म्हणाला, “कचरा आलाय, जेट फुंका.” तिसऱ्याने कुणालाही न विचारता कार्बोरेटरचं झाकण उघडलं. एक आजोबा एसटीतून उतरले, हो, खास उतरले, आणि म्हणाले, “सायलेन्सर जाळला होता का कधी? भट्टीत टाकायचा. लाल झाला पाहिजे.” मग त्यांनी आपली गाडी कशी होती, तिच्यावर बायको, तीन पोरं आणि गॅसची टाकी कशी नेली, आणि पुढे उभं राहणारा धाकटा आता जर्मनीत असून तिथे कसं एकट्याने मोटार चालवतो, ते सांगितलं. खाली वडकीचा मस्तानी तलाव उन्हात चमकत होता. घाटातून वर्षाला लाखो माणसं जातात, पण मोटारीतून त्याच्याकडे पुरतं कोण बघतं? आम्ही अर्धा तास बघितला. काही इलाज नव्हता.

माझं तर मत झालंय, की ज्याची गाडी चांगली आहे त्याला रस्ता माहीतच नसतो. त्याला फक्त सुटल्याचं गाव आणि पोचल्याचं गाव माहीत असतं. मला या रस्त्यावरचं प्रत्येक पंक्चरचं दुकान, प्रत्येक सावलीचं झाड आणि प्रत्येक झाडाखालचा मतं असलेला माणूस माहीत आहे.

सासवडला मिसळ झाली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तर्री मागितली, पाव मागितला, पुन्हा तर्री मागितली. कऱ्हाकाठच्या देवळांत जायचं यादीत होतं, पण तिथे जायला गाड्या बंद कराव्या लागल्या असत्या आणि त्या पुन्हा सुरू होतील याची हमी कुणी घेईना. तेव्हा संगमेश्वराला रस्त्यावरूनच नमस्कार करून पुढे निघालो.

जेजुरीत रविवारची गर्दी. खंडोबा स्वतः घोड्यावर बसणारा देव, त्यामुळे चेतकच्या मनात विशेष भाव. त्यांनी हार घेतला, लिंबू घेतलं, चाकाखाली ठेवलं. पायऱ्या उतरून येणाऱ्या एका मंडळाने ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ करत मूठभर भंडारा सहाही गाड्यांवर उधळला. लॅम्ब्रेटाच्या धुराला त्यानंतर पिवळसर छटा आली, असं यझदीचं म्हणणं आहे.

परतीला उतार, म्हणून सगळे निश्चिंत. पण टू-स्ट्रोकला खरी भीती उताराचीच असते. गियर टाकून, मूठ सोडून खाली आलं की पेट्रोल आत जात नाही; पेट्रोल नाही म्हणजे ऑइल नाही; चाक मात्र पिस्टनला पळवत राहतं. म्हणून जुनी माणसं मधूनच क्लच दाबून मूठ पिळतात. चेतकही पिळत होते. पण पिस्टनचंही वय झालेलं. दिवे घाट जवळजवळ उतरून झाल्यावर मागचं चाक ‘किर्र’ करून जागीच थांबलं. इंजिन पकडलं. थंड होईपर्यंत थांबलो, किकवर प्रिया उभे राहिले, मग प्रिया आणि यझदी दोघे उभे राहिले. किक हलली नाही.

तेवढ्यात रिकामा ‘छोटा हत्ती’ टेम्पो आला. चौघांनी उचलून चेतक त्यावर चढवली. ल्यूनाबाई बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, “१५७६, हळदीघाट. तिथे चेतकने मानसिंहाच्या हत्तीवर पाय रोवले होते. इथे चारही चाकं... नाही, दोनच. स्टेपनी धरून तीन.”

हडपसरपर्यंतचं भाडं ठरलं. प्रियांनी शंभर कमी करून घेतले. टेम्पोवाला पैशांपेक्षा त्यांच्या स्कूटरकडेच बघत होता. “आमच्या अण्णांकडं हीच व्हती. हाच रंग. एक चक्कर मारू का, काका?” कुणी काही बोलायच्या आत तो बसलाही, पहिल्या किकला सुरू केली आणि दिसेनासा झाला. टेम्पो मग यझदीने चालवायला घेतला, यझदीवर चेतक बसले, आणि पकडलेली स्कूटर कलंडू नये म्हणून तिला मिठी मारून प्रिया मागे हौद्यात उभे राहिले. फुरसुंगीच्या गर्दीत त्यांचा फोन वाजला. पलीकडे काकू असाव्यात. प्रियांचा आवाज, धरणापलीकडे जाणारा, आम्हाला शेजारच्या गाड्यांवर स्पष्ट ऐकू आला.

“अगं, हत्तीवर आहे मी. नाही, मी एकटाच. प्रिया टेम्पोवाल्याबरोबर पुढे निघून गेली.”

टेम्पोवाला हडपसरला एका टपरीवर चहा घेत आमची वाट बघत होता. क्लच जरा कडक आहे, दुसरा गियर खातो, बाकी गाडी झकास, असं त्याने सांगितलं. भाडं ठरल्याप्रमाणे मोजून घेतलं, प्रियांनी कमी करवलेले शंभर चहाच्या नावाखाली वसूल केले, आणि टेम्पोत चढता चढता म्हणाला, “काका, रिझर्व्हला आलीय. पेट्रोल टाका.”